माहीमच्या घरात संगणकासाठी बाहेरचे वॉटर कूलिंग: रेडिएटर बाल्कनीत ठेवावा का?

वाळूचे_घड्याळ

नमस्कार. मी घरूनच इमारतींची त्रिमितीय चित्रे करून देतो. बिल्डरच्या कार्यालयाला चित्रे सकाळी दहाच्या आत हवी असतात, त्यामुळे रेंडर, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र तयार करून घेण्याचे काम, रात्रीच लावावे लागते, आणि आमची जागा म्हणजे माहीमच्या एका जुन्या इमारतीतली एक खोली आणि स्वयंपाकघर. ज्या खोलीत संगणक आहे त्याच खोलीत आई झोपते. रेंडर सुरू झाले की पंख्यांचा जो आवाज होतो त्याला तिने 'तुझी पिठाची गिरणी' असे नाव ठेवले आहे, आणि मेमध्ये तर आवाजापेक्षाही खोली तापण्याचाच त्रास अधिक होतो, कारण एसी २६ अंशांवर लावला तरी तो रात्रभर बंद पडायचे नाव घेत नाही.

यंत्रात रायझन ९ ७९५०एक्स हा प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०९० हे ग्राफिक्स कार्ड आहे. दोन्ही पूर्ण भाराने चालली तर प्रोसेसर २३० वॅट आणि कार्ड ३५० वॅट घेते, म्हणजे एकूण ५८० वॅट उष्णता खोलीत सुटते. ही उष्णता पाण्यात घेऊन खोलीबाहेर नेऊन सोडावी, असा माझा विचार आहे. खोलीला लागून कपडे वाळत घालण्यापुरती तीन फूट रुंदीची बाल्कनी आहे, आणि एसीचे पाइप जाण्यासाठी भिंतीला पाडलेले भोक जरा मोठेच असल्याने त्यातून आणखी दोन नळ्या सहज जातील. १२० मिलिमीटरचे नऊ पंखे बसतील एवढा रेडिएटर बाल्कनीच्या भिंतीवर लावायचा, पंप आणि टाकी संगणकाशेजारी ठेवायची, आणि जाण्यायेण्याची मिळून आठ मीटर नळी टाकायची, असा कच्चा आराखडा आहे.

शंका अशा आहेत. इतक्या लांब नळीला एक डी५ (संगणकाच्या वॉटर कूलिंगमध्ये नेहमी वापरला जाणारा) पंप पुरेल का, आणि रेडिएटर पंपापेक्षा दीड मीटर उंचावर असल्याने पाणी वर चढवण्यातच त्याची सारी ताकद जाईल का? पावसाळ्यात आतल्या भागांवर दव धरून मदरबोर्ड खराब होण्याची भीती आहे का? एका मित्राने कुर्ल्याच्या भंगारबाजारातून गाडीचा रेडिएटर स्वस्तात आणून देतो म्हटले आहे, तर नागपूरच्या मामांच्या मते रेडिएटरसमोर वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी सोडले की सगळाच प्रश्न मिटतो. खर्चाची तयारी चाळीस हजारांपर्यंत आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उष्मागतिक

मामांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचा सल्ला नागपुरात अगदी बरोबर आहे. पाणी उडून जाताना हवा जास्तीत जास्त जितकी थंड होऊ शकते, त्या तापमानाला आर्द्र-बल्ब तापमान म्हणतात. नागपुरात मेमध्ये ४३ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ते जवळपास २५ अंश येते, म्हणजे ताटी १८ अंशांचा फरक पाडू शकते. मुंबईत जुलैमध्ये ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर तेच २८ अंश येते. दोन अंशांसाठी बाल्कनीत ओली ताटी, डास आणि बुरशी पाळण्यात अर्थ नाही.

आता पंप. पाणी भरून हवा निघून गेली की बंद वलयात वर चढणाऱ्या पाण्याचे वजन आणि खाली उतरणाऱ्या पाण्याचे वजन एकमेकांना तोलतात, त्यामुळे रेडिएटर दीड मीटर वर असो वा दोन मीटर, चालू वलयात पंपाला त्या उंचीशी झगडावे लागत नाही. त्याला झगडावे लागते ते केवळ घर्षणाशी. उंचीचा प्रश्न येतो तो पहिल्यांदा पाणी भरताना, आणि डी५ पंपाची ढकलण्याची उंची जवळपास चार मीटर असल्याने तिथेही अडचण येऊ नये. मात्र हा पंप स्वतः पाणी खेचून घेत नाही आणि त्याचे बेअरिंग पाण्यानेच वंगणले जाते, म्हणून टाकी पंपाच्या वर असलीच पाहिजे आणि तो कोरडा क्षणभरही चालवू नये.

घर्षणाचा हिशेब मी करून पाहिला. मिनिटाला तीन लिटर प्रवाह धरला, तर १० मिलिमीटर आतील व्यासाच्या आठ मीटर नळीत साधारण अर्धा मीटर पाण्याच्या उंचीइतका दाब खर्च होतो. तीच नळी १३ मिलिमीटरची घेतली तर खर्च पंधरा सेंटिमीटरवर येतो. म्हणजे लोक ज्या नळीच्या लांबीला घाबरतात ती या प्रकरणात गौण आहे. खरा अडथळा प्रोसेसरवरच्या आणि कार्डवरच्या ब्लॉकमधल्या (म्हणजे ज्यातून पाणी फिरून उष्णता घेते त्या धातूच्या ठोकळ्यामधल्या) बारीक खाचांचा आणि झटपट सुटणाऱ्या जोडण्यांचा असतो. तरीही १३ मिलिमीटरचीच नळी घ्यावी, असे माझे मत आहे, कारण जोडण्यांच्या नावाखाली पुढे काय काय वाढेल ते आज सांगता येत नाही.

प्रवाहाच्या मागेही फार लागू नये. मिनिटाला तीन लिटर पाणी ५८० वॅट घेऊन निघाले तर ते २.८ अंशांनी तापते, एक लिटरच असेल तर ८.३ अंशांनी. तीनाचे पाच लिटर करून जेमतेम एक अंश हाती लागतो आणि पंपाचा आवाज मात्र वाढतो, आणि तुमची मूळ तक्रार आवाजाचीच आहे.

रेडिएटरच्या बाबतीत ढोबळ नियम असा की १२० मिलिमीटरच्या एका पंख्याएवढे क्षेत्र, पंखा मध्यम वेगाने फिरत असताना, पाणी हवेपेक्षा १० अंशांनी गरम असेल तेव्हा सुमारे १०० वॅट बाहेर टाकते. नऊ पंख्यांना ५८० वॅट म्हणजे पाणी हवेपेक्षा सहा-सात अंशांनी वर राहील. पंखे अगदी मंद ठेवले तर दहा-बारा धरा. बाल्कनीत मेच्या दुपारी ३४ अंश असतील तर पाणी ४१ ते ४६ अंशांच्या दरम्यान राहील. रात्री बाहेर २७-२८ अंश असतात, आणि तुमचे काम रात्रीचेच आहे.

इथे एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर निराशा होते. ग्राफिक्स कार्ड या सगळ्याने फार खूश होईल, पण प्रोसेसर तितका होणार नाही. ७९५०एक्समध्ये उष्णता प्रामुख्याने सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या दोन तुकड्यांत निर्माण होते, आणि तेवढ्याशा जागेतून ती प्रोसेसरच्या धातूच्या झाकणात आणि झाकणातून पाण्यात यायलाच वेळ लागतो. पूर्ण भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊ देण्याच्या हिशेबानेच तो बनवलेला आहे. पाणी पाच अंशांनी थंड केले तर प्रोसेसरही पाचच अंशांनी उतरतो. आकडा ८५ दिसला म्हणून ब्लॉक पुन्हा पुन्हा उघडून पेस्ट बदलत बसू नका.

दवाबद्दल निश्चिंत राहा. दव धरण्यासाठी पृष्ठभाग दवबिंदूच्या, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते त्याच्या, खाली जावा लागतो. पावसाळ्यात मुंबईचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो आणि तुमचे पाणी, ते हवेनेच थंड होत असल्यामुळे, बाहेरच्या हवेपेक्षा कधीच थंड होऊ शकत नाही. फ्रिजमधल्या पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, साध्या पाण्याच्या तांब्याला फुटत नाही, तसेच हे आहे. पण यापुढे कोणी मत्स्यालयाचा चिलर जोडून पाणी १८ अंशांवर न्यायचा सल्ला दिला, तर तो मात्र ऐकू नका. तेव्हा प्रोसेसरच्या सॉकेटमागे, जिथे नजर पोहोचत नाही तिथे, पाणी साठेल.

शेवटचे म्हणजे पेटीतले सगळे पंखे काढून टाकू नका. ३०९० कार्डाची निम्मी मेमरी पाठीमागच्या बाजूला आहे आणि ती फार तापते. एकाच बाजूचा ब्लॉक घेणार असाल तर मागच्या पत्र्यावर वारा लागेल असा एक मंद पंखा राहू द्या; मदरबोर्डच्या वीजपुरवठ्याच्या भागाला आणि एसएसडीलाही त्याचाच आधार असतो.

नळबाजार

वरचा हिशेब बरोबर आहे. मी धातू आणि जोडण्यांपुरतेच लिहितो, कारण माझा पोटापाण्याचा धंदा हवेच्या दाबावरच्या यंत्रांचा आहे आणि घरच्या संगणकाचे बाहेरचे कूलिंग मी सहा वर्षे चालवत आहे.

कुर्ल्याचा रेडिएटर घेऊ नका. आजच्या जवळपास सगळ्या गाड्यांचे रेडिएटर अॅल्युमिनियमचे असतात आणि त्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. तुमचे ब्लॉक तांब्याचे असणार. तांबे आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की बॅटरी तयार होते आणि त्या बॅटरीत झिजते ते अॅल्युमिनियम. वर्षभरात ब्लॉकच्या खाचांत पांढरा गाळ साचतो आणि प्रवाह मरतो, आणि भंगारातल्या रेडिएटरमध्ये आधीच्या मालकाचा गंज असतो तो निराळाच. तांबे, पितळ आणि निकेलचा मुलामा एवढेच धातू पाण्याला लागू द्या. एक स्पष्ट करतो, कारण हा गोंधळ नेहमी होतो: बाहेरची चौकट अॅल्युमिनियमची असली तर काहीच बिघडत नाही, तिला पाणी लागत नाही.

नऊ पंख्यांचा मोठा रेडिएटर जर्मनीहून मागवला तर त्यावर भाडे आणि जकात इतकी चढते की मनाला लागते. त्याऐवजी तीन पंख्यांचे ३६० मिलिमीटरचे तीन रेडिएटर लॅमिंग्टन रोडवर मिळतील तसे घ्या आणि खिडक्यांच्या स्लायडिंगवाल्याकडून अॅल्युमिनियमच्या अँगलची चौकट करून त्यात एकाखाली एक बसवा. क्षेत्रफळ तेवढेच होते, आणि पुढे एखादा गळला तर तेवढाच बदलता येतो. नवे रेडिएटर बसवण्यापूर्वी गरम पाण्याने चार-पाच वेळा खळखळून धुवा. आत डाग देताना वापरलेल्या फ्लक्सचा अंश राहिलेला असतो आणि नंतर तोच ब्लॉकमध्ये जाऊन बसतो.

जोडण्यांसाठी नागदेवी स्ट्रीटला जाल तेव्हा तीन ठिकाणी फसाल. पहिले आटे. संगणकाच्या ब्लॉकचे आटे पाव इंची बीएसपीचे (पाइपांच्या आट्यांचे ब्रिटिश माप), पण समांतर असतात आणि गळती ओ-रिंग थांबवते. दुकानदार 'पाव इंची बीएसपी' ऐकून सवयीने निमुळता नग हातात ठेवतो, कारण हवेच्या लाइनीत तोच चालतो. तो टेफ्लॉन टेप गुंडाळून आवळला की अॅक्रिलिकची टाकी आट्यापासून तडकते, आणि कधीकधी लगेच न तडकता आठवड्याने तडकते. 'समांतर आटा, ओ-रिंगवाला' असे स्पष्ट मागा आणि तिथेच दुसऱ्या नगात हाताने फिरवून पाहा. समांतर आटा शेवटपर्यंत सैल जातो.

दुसरी फसगत झटपट सुटणाऱ्या कपलरची. तिथे मिळणाऱ्या हवेच्या कपलरमध्ये झडप मादीच्या बाजूलाच असते, नराची बाजू उघडी. हवेला त्याने फरक पडत नाही, पण तुम्ही सोडवायला गेलात की आठ मीटर नळीतले पाणी आईच्या अंथरुणावर येईल. शिवाय नराचा तुकडा बहुधा लोखंडावर मुलामा दिलेला असतो आणि तो गंजतो. या एका ठिकाणी काटकसर न करता वॉटर कूलिंगसाठीच बनवलेले, दोन्ही बाजूंनी बंद होणारे पितळी कपलर घ्या. दोन जोड्या पुरतात, आणि त्या संगणकाच्या पाठीशी लावा, भिंतीच्या भोकापाशी नको.

तिसरी फसगत नळीची. हवेची निळी पीयू (पॉलियुरेथेन) नळी लवचीक दिसते म्हणून मोह होतो, पण तिच्यातले काही प्रकार गरम ओलाव्यात हळूहळू कुजतात. मुंबईत पावसाळाभर कपाटात राहिलेल्या बुटांचे तळवे पायात घालताच भुगा होतात, ते पाहिले असेलच. तो हाच प्रकार. पारदर्शक पीव्हीसी नळीतला मऊपणा आणणारा पदार्थ झिरपून ब्लॉकमध्ये चिकटा होतो. सिलिकॉन नळीतून वाफ बाहेर पडते आणि टाकीतले पाणी लवकर उतरते. काळी ईपीडीएम रबराची नळी घ्या. गाडीच्या इंजिनाचे काळे होज त्याच रबराचे असतात. दिसायला ती बागेच्या नळीसारखी दिसते, पण तिच्यातून उजेड जात नसल्याने शेवाळ धरत नाही, आणि बाल्कनीत हेच महत्त्वाचे आहे.

पाणी म्हणून घरचे आरओचे पाणी वापरू नका, त्यात क्षार उरलेले असतात. बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या आणि त्यात गंजरोधक आणि जंतुनाशक असलेले तयार कूलंट बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. रंगीत, दुधी चमक असलेली द्रव्ये फोटोपुरती ठीक असतात. त्यातले कण तळाला बसतात.

कंजूस_काका

मंडळी, सगळे मान्य, पण चाळीस हजार खर्चण्यापूर्वी अर्ध्या तासाचे फुकटचे काम करून पाहावे असे मला वाटते. ७९५०एक्सला बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) कमी विजेवर चालवणारा इको मोड असतो. १०५ वॅटची श्रेणी निवडली तर प्रोसेसर प्रत्यक्षात १४२ वॅटच्या वर जात नाही, आणि वेगात होणारी घट वॅटमधल्या घटीच्या मानाने फारच थोडी असते. कार्डाची वीजमर्यादा ३५० वरून २८० वॅटवर आणा. झाले ४२२ वॅट, एक स्क्रूसुद्धा न हलवता.

दुसरे असे की रेंडर कार्डावर चालत असेल तर रेंडरच्या सेटिंगमधली प्रोसेसरपुढची खूण काढूनच टाका. ३०९० बरोबर प्रोसेसरला जुंपून मिळणारा फायदा बहुधा इतका कमी असतो की त्यासाठी दोनशे वॅट जाळणे म्हणजे चहा करायला चूल आणि शेगडी दोन्ही पेटवण्यासारखे आहे.

आणि लांब एचडीएमआय आणि यूएसबीच्या तारा टाकून अख्खा संगणकच खोलीबाहेर ठेवता येत नाही का? पाण्यापेक्षा तारा बऱ्या. त्या गळत नाहीत.

वाळूचे_घड्याळ

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमचा सल्ला ऐकून काल रात्रीच इको मोड आणि कार्डाची मर्यादा दोन्ही लावून पाहिले. ज्या चित्राला आधी ५२ मिनिटे लागत होती त्याला आता ५५ मिनिटे लागली, आणि आवाजही पुष्कळ उतरला. आईने गिरणीची 'चक्की' झाली एवढे तरी कबूल केले. त्यामुळे ही मर्यादा आता कायमच राहील. परंतु खोलीत सुटणारी उष्णता अजूनही चारशे वॅटच्या घरात आहे, आणि बंद खोलीत रात्रभर ती जाणवते. संगणक बाहेर नेण्याचे म्हणाल तर बाहेर म्हणजे स्वयंपाकघर, आणि तिथे रोजच्या फोडणीचा तेलकट धूर महिन्याभरात पंख्यांवर चिकटून बसेल. बाल्कनीत ठेवायला तर मन धजत नाही.

तेव्हा तीन रेडिएटर, ईपीडीएम नळी आणि दोन्ही बाजूंनी बंद होणारे कपलर हे ठरले. आता खरी काळजी बाल्कनीची आहे. आमची इमारत समुद्रापासून पायी सात-आठ मिनिटांवर आहे, बाल्कनी पश्चिमेला उघडते, आणि जून ते सप्टेंबर पाऊस आडवा येतो. शिवाय कबुतरांनी एसीच्या बाहेरच्या युनिटवर कायमचे बस्तान मांडले आहे. पंप आत आणि पंखे बाहेर अशा मांडणीत विजेची जोडणी कशी करावी, हेही कोणी सांगितले तर बरे होईल.

खारा_वारा

मी वरळीला राहतो आणि माझा रेडिएटर चार पावसाळे बाहेर काढून बसला आहे, त्यापैकी पहिला अतिशय वाईट रीतीने.

मीठ हा तुमचा मुख्य शत्रू आहे, पाऊस नव्हे. पावसाचे पाणी रेडिएटरला उलट धुऊन काढते. नुकसान होते ते ऑक्टोबर ते मे, जेव्हा खारा ओलसर वारा पात्यांवर मिठाचा थर देत राहतो आणि तो धुतला जात नाही. समुद्राजवळ राहणाऱ्या प्रत्येकाने एसीच्या बाहेरच्या कॉइलच्या पाती बोट लावताच पिठासारख्या गळताना पाहिल्या असतील. संगणकाच्या रेडिएटरला बाहेरून रंगाचा पातळ थर असतो, पण पात्यांच्या कडांवर तो फारच विरळ असतो. म्हणून महिन्यातून एकदा पंखे काढून साध्या नळाच्या पाण्याचा हलका फवारा पात्यांवर मारा आणि नीट वाळू द्या. मुंबईचे पाणी तलावांचे आणि मऊ आहे, त्याने डाग पडत नाहीत. हे काम सोपे व्हावे म्हणून नऊ पंखे एका स्वतंत्र चौकटीवर बसवून ती चौकट बिजागरीवर दारासारखी उघडेल अशी करून घ्या. मी ते केले नाही आणि दर महिन्याला छत्तीस स्क्रू काढत बसतो. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे घ्या. रेडिएटरबरोबर येणारे काळे स्क्रू एका पावसाळ्यात गंजून डोक्यापासून तुटतात.

जागा निवडताना बाल्कनीच्या बाहेरच्या ग्रिलवर न लावता आतल्या भिंतीवर, छज्जा किंवा वरच्या बाल्कनीचा स्लॅब डोक्यावर येईल अशी लावा. ग्रिलच्या बाहेर काही टांगायचे तर सोसायटीची परवानगी लागते, आणि रस्त्यावर चालणाऱ्यांच्या डोक्यावर पाण्याने भरलेली तीन रेडिएटरांची चौकट लोंबती ठेवणे मला तरी पटत नाही. भिंतीपासून निदान चार इंच अंतर सोडा, नाहीतर पंख्यांना हवाच मिळत नाही. पंखे भिंतीकडून हवा ओढून बाहेर फेकतील असे लावा. उलटे लावले तर पावसाची सर ते स्वतःच आत ओढतात. एसीचे बाहेरचे युनिट त्याच बाल्कनीत असेल तर त्याच्या गरम झोतासमोर रेडिएटर येता कामा नये, कारण तो झोत भोवतालच्या हवेपेक्षा दहा-बारा अंशांनीही गरम असू शकतो आणि वर केलेला सारा हिशेब त्या एका चुकीत बुडतो. पश्चिमेचे ऊन चारनंतर थेट येत असेल तर बांबूची चटई सोडा. कबुतरांना जाळीशिवाय उपाय नाही. रेडिएटर आणि भिंत यांमधली चार इंचांची फट त्यांना घरटे करायला फार आवडते, तेव्हा ती फट वरून आणि खालून जाळीने बंद करा.

विजेबाबत एकच आग्रह आहे: बाल्कनीत २३० व्होल्ट नेऊ नका. पंख्यांना संगणकाच्याच वीजपुरवठ्यातून १२ व्होल्ट द्या. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली आणि अंतर पाच मीटर असेल, तर जाऊन-येऊन तारेचा रोध ०.१७ ओहम होतो. नऊ पंख्यांना मिळून दीड अँपिअर लागले तर पाव व्होल्ट गळेल, ते नगण्य आहे. बाहेर जोडण्या जितक्या कमी तितके बरे. जी एखादी राहील ती पाणी न शिरणाऱ्या डबीत बंद करा. तार आणि नळ्या भोकात शिरण्यापूर्वी खाली झोका घेऊन वर जातील अशा ठेवा, म्हणजे त्यांच्यावरून ओघळणारे पावसाचे पाणी झोक्याच्या तळाला टपकेल, घरात येणार नाही. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते असावे. माझ्या पहिल्या पावसाळ्यात या दोन्ही गोष्टी नव्हत्या, आणि सकाळी उठून पाहिले तर पाणी नळीवरून शिस्तीत चालत येऊन थेट एक्स्टेन्शन बोर्डाशेजारी साचले होते. वॉटर कूलिंगची नळी कुठे गळते ते मी दोन तास शोधत होतो. ती गळतच नव्हती.

पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर न ठरवता पाण्याच्या तापमानावर ठरवा. वलयात दहा किलोओहमचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा भाग) बसवून तो मदरबोर्डच्या तापमानाच्या जोडणीत लावता येतो. पाणी सावकाश तापते, म्हणून पंखेही सावकाशच वेग घेतात, आणि रात्री आवाजाचे चढउतार होत नाहीत.

उष्मागतिक

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी. आठ मीटर नळी, तीन रेडिएटर आणि टाकी मिळून तुमच्याकडे जवळपास तीन लिटर पाणी असेल. बाहेरचे पंखे रात्री काही कारणाने बंद पडले आणि ४२० वॅट सुरूच राहिले, तर ते पाणी दर अर्ध्या मिनिटाला सुमारे एक अंशाने तापेल. रेडिएटर वाऱ्याशिवायही थोडीफार उष्णता टाकतो हे सोडून दिले, तरी ३६ अंशांवरून ६० वर जायला दहा-बारा मिनिटे लागतील, आणि ६० अंश ही डी५ पंपाची मर्यादा आहे. म्हणून पाणी ५० अंशांवर गेले की संगणक आपणहून बंद व्हावा, अशी सोय करून ठेवा. पंप बंद पडला तर मात्र मिनिटेही मिळत नाहीत, तेव्हा पंपाच्या फेऱ्या मोजणारी तार मदरबोर्डच्या प्रोसेसर पंख्याच्या जोडणीतच लावा. फेऱ्या शून्य झाल्या की बोर्ड निदान बोंब तरी ठोकतो.

वाळूचे_घड्याळ

आता चित्र स्पष्ट झाले. बिजागरीची चौकट स्लायडिंगवाल्याला काल कागदावर काढून दाखवली. त्याने 'हे कशाचे दार' असे दोनदा विचारले आणि मग माप घेतले. पाणी भरण्यापूर्वी गळती तपासायची पद्धत तेवढी कोणी सांगावी. पाणी भरूनच तपासायचे म्हटले तर चूक कळेल तेव्हा उशीर झालेला असेल.

नळबाजार

हवेने तपासा. गेज असलेला सायकलचा पंप घ्या, वलय पूर्ण जोडा, एका तोंडाला व्हॉल्व्ह बसवा आणि हलक्या हाताने अर्धा बार, म्हणजे साधारण ७ पीएसआय, एवढाच दाब भरा. त्याहून जास्त नको, अॅक्रिलिकची टाकी तेवढ्यासाठी बनवलेली नसते. एक तास काटा हलला नाही तर जोडण्या ठीक आहेत. मात्र हे करताना एसी चालू-बंद करू नका आणि बाल्कनीतल्या रेडिएटरवर ऊन येऊ देऊ नका. हवा तापली-निवली की काटा गळती नसतानाही हलतो आणि माणूस उगाच सगळ्या जोडण्या पुन्हा आवळत बसतो. काटा उतरलाच तर भांडी घासायच्या साबणाचा फेस ब्रशने एकेका बाहेरच्या जोडणीला लावा, बुडबुडा जागा दाखवतो. संगणकाच्या पेटीत मात्र फेस नेऊ नका, तिथल्या जोडण्या एकेक करून बंद करून तपासा.

मग पाणी भरताना संगणक चालू करू नका. पंपापुरता वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर वापरा, टाकीतले पाणी उतरेल तसे भरत राहा आणि पंप थांबवत-चालवत हवा काढा. बाल्कनीतल्या रेडिएटरची तोंडे वरच्या बाजूला असतील तर हवा लवकर निघते, खाली असतील तर चौकट सोडवून तिरकी करावी लागते, तेव्हा भिंतीला पक्की ठोकण्यापूर्वीच हे उरकून घ्या. नंतर जोडण्यांखाली वर्तमानपत्र पसरून पंप एक अख्खा दिवस तसाच चालू द्या. कागदावर ओला ठिपका लगेच दिसतो, फडक्यावर दिसत नाही.

वाळूचे_घड्याळ

रेडिएटरची तोंडे खाली येतील अशीच चौकट सांगितली होती. आत्ताच फोन करून उलटी करायला सांगितली. स्लायडिंगवाला म्हणाला, 'दार उलटे केले तरी दारच राहणार ना?' शनिवारी येतो म्हणाला आहे. हवेची तपासणी रविवारी सकाळी, आई देवळात गेली की.